रुमाल टाकलेली जागा

५ ऑगस्ट २०२०, बुधवार

आजपासून माझा मुक्काम अंगणापलीकडच्या कापसाच्या खोलीत. घरात अब्बा, इथे मी, मध्ये लिंबाचं झाड. गाड्या सुरू झाल्या तशी माझी ड्यूटीही सुरू झाली. दिवसभर शेवगाव-नगर करून आलेली कंडक्टर अब्बांच्या शेजारी बसून जेवणार नाही, हे मीच ठरवलं. अब्बांना ते पटलेलं नाही. "लोक म्हणतील, बाबाजानने पोरीला घराबाहेर काढलं." म्हटलं, म्हणू देत.

अब्बांचं सगळं आयुष्य कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात गेलं. कापूस गादीत गेला तसा छातीतही गेला. त्यांनी श्वास घेतला की आत बारीक शिट्टी वाजते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच अब्बांच्या छातीत वाजत असेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हा आजार यांना झाला तर छाती साथ देणार नाही. अम्मी गेली, धाकटी उझ्मा लग्न होऊन अमरापूरजवळ नांदायला गेली, घरात आम्ही दोघंच. माझ्या हातून तो आजार या घरात येता कामा नये. बाकी मला काही मागायचं नाही.

बोलायला कोणी नाही म्हणून ही वही. घरात आमची बोली वेगळी, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच उतरते. अब्बांचं बोलणंही मराठीतच लिहिते.

कापसाच्या ढिगावर अंग टाकलं की आपण किती खाली जाणार याचा अंदाजच येत नाही. जरा भीती वाटते आणि लगेच झोप येते.

८ ऑगस्ट, शनिवार

गाडी अर्धीच भरायची, उभं कोणी नको, असा हुकूम आहे. एकाआड एक जागेवर पांढऱ्या रंगाच्या फुल्या मारून दिल्यात. पण फुलीला कोण विचारतो! एक गृहस्थ आज बरोब्बर फुलीवर बसले. उठा म्हटलं तर म्हणाले, "ताई, फुली माज्या खाली हाय, मला कुटं दिसतीया?" सगळी गाडी हसली. मास्क हनुवटीवर ठेवून हसली, हे आणखी.

तिसगावला दारात रेटारेटी. "उबं ऱ्हातो, पन घ्या." घेतलं नाही तर मी वाईट, घेतलं तर घरी अब्बा. माझा आवाज इतका चढला की पुढे ड्रायव्हर रंगनाथभाऊ दचकले. ते फार बोलत नाहीत. मी एक बेल दिली की थांबतात, दोन दिल्या की निघतात, आणि जगात याहून जास्त काही ठरवायची वेळ त्यांच्यावर येऊ नये असं त्यांच्या चेहऱ्यावर कायम लिहिलेलं असतं.

११ ऑगस्ट, मंगळवार

आज एक गंमत सापडली.

शेवगावच्या स्टँडवर कोणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि मग तो माणूस आलाच नाही. चहाला गेला असेल, नाहीतर मन बदललं असेल. गाडी निघाली. वाटेत माणसं फुल्यांवर बसायला बघत होती, माझ्याशी भांडत होती, पण त्या रुमालाच्या जागेवर नगरपर्यंत कोणी बसलं नाही. साधा निळ्या चौकड्यांचा रुमाल. माणसं यायची, वाकून बघायची आणि पुढे सरकायची.

आपले लोक सरकारशी भांडतील, माझ्याशी भांडतील, पण रुमाल हलवणार नाहीत. तो कोणाचा ते माहीत नसलं तरी कोणाचा तरी आहे, एवढं त्यांना पुरतं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

रुमालाची गोष्ट अब्बांना अंगणातूनच सांगितली. ते खिडकीत बसून खोकला येईपर्यंत हसले. आणि आज सकाळी उंबऱ्यावर एक गठ्ठा ठेवलेला! गाद्यांच्या उरलेल्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचे रुमाल, कडा दुमडून शिवलेले. सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा चाचपावा लागतो. लांबचं मात्र इतकं लख्ख दिसतं की फाट्यावर आलेली गाडी माझी की दुसरी हे ओसरीतून सांगतात.

स्टँडवर गाडी लागली की सगळ्यांच्या आधी मी चढले आणि प्रत्येक फुलीवर एक रुमाल टाकला. जादू झाली म्हणायला हरकत नाही. आमच्याच गावची साळूबाई भाजीची पाटी घेऊन चढली. ती जन्मात कुणाला न जुमानणारी बाई, पण रुमालापाशी थबकली.

"हितं कोन हाय गं, सरवरी?"

"येणारेत, मावशी."

"बरं बरं. येऊ दे बापडे," म्हणाली आणि पाटी पायाशी घेऊन पलीकडे बसली.

१७ ऑगस्ट, सोमवार

सकाळी करंजीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. रंगनाथभाऊंनी दिवे लावले आणि गाडी हळूहळू त्यांच्यात शिरली. मागे वळून बघितलं तर अर्ध्या बाकांवर माणसं, अर्ध्यांवर रुमाल. खिडकीतून धुकं आत आलं आणि मला क्षणभर वाटलं की रुमालवाले खरंच बसलेत. खिडकीशी एक बाई, तिच्या मांडीवर कोंबडी. मागे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी न बोलणारे. एक नवरदेव, एकटाच. सगळे शांत. कोणी सुटे मागत नाही, कोणी भांडत नाही, कोणी खोकत नाही. असे प्रवासी मिळाले तर मी जन्मभर कंडक्टर राहीन.

घाट उतरल्यावर ऊन पडलं आणि बाकं पुन्हा रिकामी झाली. मला उगीच चुटपुट लागली.

२० ऑगस्ट, गुरुवार

गाडी थांबली की लोक चढतात आणि चढलेल्या माणसाला उतरवणं मला जमत नाही. म्हणून रंगनाथभाऊंना सांगितलं, जागा भरल्या की मधल्या थांब्यांवर थांबायचंच नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढून नाही-नाही करते, ते गाडी जरा बाजूने काढतात. ते म्हणाले, "ताई, मानसं मागं पळत्यात वो. आरशात दिसतं मला."

"तुम्ही आरशात बघू नका."

म्हणाले, "आरशात न बघता गाडी कशी चालवू?" बरोबरच आहे. पण थांबत नाहीत आता.

आमच्या गाडीतलं अजून कोणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही. मी रोज नळाखाली डोक्यावरून अंघोळ करून, कपडे उकळत्या पाण्यात टाकून मगच अंगणात पाय ठेवते. अब्बांची शिट्टी तीच आहे, कमी नाही, जास्त नाही. कापसाच्या खोलीत पडल्या पडल्या मी ती ऐकते.

२३ ऑगस्ट, रविवार

उझ्माला मुलगी झाली! अलफिया नाव ठेवणार. फोनवर तिचं रडणं ऐकवलं, मांजराच्या पिल्लासारखं.

आमच्याकडे बाळाची पहिली गादी आजोबांच्या हातची असते. नव्या कापसाची, हाताने पिंजलेली. त्यावर बाळाला निजवल्याशिवाय पिंजाऱ्याच्या घरची पोर म्हणायची नाही. अब्बांनी लगेच माझ्याच खोलीतला कापूस मागून घेतला. मी तोंड बांधून पिंजा म्हटलं, तर मान डोलावली. दुपारभर पिंजणाच्या तारेचा आवाज येत होता. कितीतरी दिवसांनी ऐकला. पिंजलेल्या कापसाचे तंतू खिडकीतून निघून लिंबात अडकत होते आणि मी अंगणात आडवी पडून ते बघत होते. इतकं बरं वाटत होतं की उठावंसंच वाटेना.

"गादी द्यायला तुम्ही जायचं नाही," मी सांगितलं. "सुट्टीला मी नेऊन देईन, दारातूनच."

"तू गर्दीतून आलेली, बाळंतिणीच्या दारात कशी जाशील?"

"मग थांबू दे की महिनाभर."

"महिनाभर पोर कशावर झोपेल?"

"जायचं नाही म्हणजे नाही, अब्बा."

"बघू," म्हणाले. अब्बांचं 'बघू' म्हणजे हो. भांडण मी जिंकले.

२७ ऑगस्ट, गुरुवार

दुपारची गाडी शेवगावहूनच भरून निघाली. माणसं बाकांवर, रुमाल फुल्यांवर, सगळं जागच्या जागी. बाहेर बाजरी डोक्याएवढी झालीय, वाऱ्याने सगळं रान एकदम वाकतं आणि एकदम उभं राहतं. बघता बघता डुलकी यायला लागली.

अमरापूरच्या फाट्यावर बरीच माणसं होती. मी हात बाहेर काढून नाही-नाही केलं. गर्दीच्या पुढे एक म्हातारा उभा होता. पांढरे कपडे, तोंडाला गमछा गुंडाळलेला, हातात रिकामी पिशवी. त्याने हात वर केला होता. मग गाडी जवळ आली तसा त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात हळूच खाली घेतला. एक पाऊल मागेही सरकला, गाडीला वाट द्यावी तसा. बाकीचे आरडाओरडा करत मागे पळाले, तो तेवढा पळाला नाही. असा समजूतदार प्रवासी विरळा. मनात म्हटलं, यालाच द्यायला हवी होती जागा. पण एकाला थांबलं की सगळेच चढतात.

मागून एक काळी-पिवळी जीप येत होती, टपापर्यंत भरलेली. थांब्यावरच्यांना ती घेणार हे ठरलेलंच.

संध्याकाळी अब्बा खिडकीत बसले होते. थकलेले दिसले. गादी शिवून पाठ धरली असेल. मग एकदम म्हणाले, "बेटा, चालत्या गाडीतून हात बाहेर काढत जाऊ नकोस. एखादी फांदी लागली तर?"

यांच्या मनात कुठून काय येतं! मला हसू आलं. बरं म्हटलं.

३० ऑगस्ट, रविवार

आज मोहरमची दहावी. यंदा मिरवणूक नाही, सगळीकडे शुकशुकाट. अब्बांनी सरबत केलं आणि माझा पेला उंबऱ्यावर ठेवला. गादी झाली का विचारलं तर "झाली" म्हणाले. दाखवा म्हटलं तर "बांधून ठेवलीय" म्हणाले.

उझ्माचा फोन आला. म्हणाली, "अलफिया आता किती निवांत झोपते गं!" बाळं झोपतातच.

२ सप्टेंबर, बुधवार

अब्बा हल्ली तऱ्हेवाईक झालेत. काल कालवणात मीठ नाही म्हणाले, मी चाखलं तर बरोबर होतं. आज अत्तरवाल्याला शिव्या देत होते, पाणी घालून विकतो म्हणे, वासच येत नाही. मला तर अंगणापलीकडून येत होता! अर्धी कुपी अंगावर ओतली असावी. म्हातारपणी माणसाला नटायचं सुचतं, असं मी चिडवलं. ते हसले नाहीत.

आज ते खिडकीत न बसता आत भिंतीशी बसले होते. "उन्हाची तिरीप येते," म्हणाले. सूर्य तर कधीच मावळला होता. मी पुढे सरकले तर तिथूनच हाताने थांबवलं.

पहाटे स्वप्न पडलं. गाडी कापसाने गच्च भरलीय. मी तिकीट तिकीट म्हणत कापसातून वाट काढतेय आणि तळाशी कुठेतरी शिट्टी वाजतेय. बेलची दोरी काही केल्या हाताला लागेना.

५ सप्टेंबर, शनिवार

सकाळी शिट्टी ऐकू आली नाही. मला बरं वाटलं, वेडीला. वाटलं, छाती मोकळी झाली. मग कळलं की श्वासच वरच्यावर चाललाय, शिट्टी वाजण्याइतकासुद्धा आत जात नाही.

दारातून हाका मारल्या, मग अंगण ओलांडून आत गेले. एवढे दिवस पाळलेलं सगळं त्या चार पावलांत संपलं. हात लावला तर अंग तापलेलं. ते मला ढकलत होते. "लांब हो. तुला होईल." मी म्हणायचं ते अब्बाच म्हणत होते.

रुग्णवाहिकेतून नगरला नेलं. ऑक्सिजन लावलाय. मला आत सोडलं नाही. माझ्यामुळे झालं. मीच आणलं. दुसरं कोण आणणार?

९ सप्टेंबर, बुधवार

माझी तपासणी झाली. मला आजार नाही आणि झाल्याची खूणही नाही. रंगनाथभाऊंनाही नाही. आरोग्य केंद्रातल्या बाईंना मी पुन्हा विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाही म्हणजे चांगलंच की हो." त्यांना वाटलं मला आनंद होईल. मी तर घरात माणसासारखी राहिलेच नाही, रुमाल टाकत बसले, आणि तरी तो आला. मग आला कुठून? अब्बा तर उंबऱ्याबाहेर गेले नाहीत.

मला घरातच राहायला सांगितलंय. कापसाच्या खोलीतच आहे. घरात जाववत नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार

साळूबाई कुंपणापाशी आली. तिलाही ताप येऊन गेला म्हणे, आता बरी आहे. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आमी दोगं एकाच जीपीत हुतो गं. तुजा बाप उज्माच्या पोरीला गादी दिऊन आल्ता अमरापूरवरनं. मी शेवगाववरनंच बसून आल्ते. त्याला दारात चेपून घेतला, निम्मा बाह्यार. शेजारचा गडी सारका खोकत हुता. म्या म्हनलं, बाबाजानभाऊ, यष्टीनं यायचं न्हाई का? म्हनला, थांबली न्हाई."

मी विचारलं, कोणता दिवस.

"बेस्तरवार. दोन हप्ते झालं. तुजीच हुती का गं ती गाडी? मला मेलीला लांबचं कुटं दिसतंय."

१२ सप्टेंबर, शनिवार

पांढरे कपडे. गमछा. हातात रिकामी पिशवी. गादी देऊन आलेली पिशवी.

मी त्यांना ओळखलं नाही. माझ्या मागे बाकावर त्यांनीच शिवलेला रुमाल होता आणि त्या जागेवर कोणी बसलेलं नव्हतं. मी त्यांना नाही-नाही केलं.

१५ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. कापसात पडून होते. मनात सारखी ती गाडी फाट्यावर येते, दर वेळी मी बेल देते, एकच, आणि दर वेळी रंगनाथभाऊ थांबतात. अब्बा चढतात. मी रुमाल उचलते. मग उरलेले सगळेही चढतात, तो खोकणाराही चढतो, आणि मला पुढचं काही सुधरत नाही. थांबायला हवं होतं की नव्हतं, हे मला खरंच कळत नाही. एवढंच कळतं की छाती दुखते.

एकच दिलासा आहे. ती गाडी माझी होती हे अब्बांना माहीत नाही. म्हाताऱ्या माणसाला धावत्या गाडीत काय दिसणार? माहीत असतं तर त्या संध्याकाळी बोलले असते, रागावले असते. एक शब्दही काढला नाही. त्यांना कधी कळू नये.

दवाखान्यातून फोन होता. ऑक्सिजन कमी करून बघताहेत. दूध-भाकरी मागून खाल्ली म्हणे. फोन ठेवला आणि मी लिंबाला धरून रडले.

२० सप्टेंबर, रविवार

माझे घरात राहायचे दिवस संपले. अब्बांना साध्या वॉर्डात हलवलंय, दुपारी थोडा वेळ खिडकीबाहेरून भेटू देतात. सकाळीच फाट्यावर जाऊन उभी राहिले. अंगावर खाकी नव्हती, साधी सलवार-कमीज. फाट्यावर बिनखाकीची अशी मी कितीतरी दिवसांत उभी राहिले नव्हते.

परवापासून गाड्या पूर्ण भरायला परवानगी मिळालीय. उभं कोणी घ्यायचं नाही, एवढं उरलंय. पण गाडी आली ती दारापर्यंत माणसांनी कोंबलेली. पुढची गाडी कधी येईल ते मला माझ्या नोकरीमुळे चांगलं ठाऊक होतं, आणि तोवर भेटीची वेळ संपणार होती. कंडक्टर नवीन होता, मला ओळखत नव्हता. दारात आडवा हात धरून ओरडला, "जागा नाही! मागच्या गाडीने या!" त्याचं बरोबर होतं. त्याच्या घरीही कोणी असेल.

मी दांडी धरली. "उभी राहते, भाऊ. पण घ्या." आणि त्याचं उत्तर यायच्या आत त्याच्या हाताखालून आत घुसले. माझा धक्का एका बाईला लागला, माझा पाय कोणाच्या तरी पायावर पडला. मानेवर कोणाचा तरी गरम श्वास होता. कोणीतरी खोकलं, मी मान वळवली, तेवढीच जागा होती. घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तसे आम्ही सगळे एकदम इकडे आणि एकदम तिकडे कलायचो, कोणी दांडीला न धरताही पडत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. मला भीती वाटली नाही, लाज वाटली नाही, फक्त गाडीने कुठे थांबू नये असं वाटत होतं. फाट्यांवर माणसं हात करत होती आणि मी मनात म्हणत होते, थांबू नको, थांबू नको.

अब्बा खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. फार वाळलेत. दाढी वाढलीय. मी जाळीपाशी उभी राहिले, मास्क घट्ट केला, ओढणीने तोंडही झाकलं. तरी ओळखलं. नर्स म्हणाली, असंच राहिलं तर दोन-चार दिवसांत घरी सोडतील. मला खूप बोलायचं होतं. अमरापूरच्या फाट्याचं सांगू नये असं ठरवून आले होते, तेच तोंडाशी यायला लागलं.

अब्बांनी नाकावरचा मास्क बाजूला केला. एक श्वास घेतला. आत शिट्टी वाजली, बारीक, पण वाजली.

"कशाने आलीस?"

"गाडीने."

"बसायला जागा मिळाली का?"

"मिळाली, अब्बा," मी म्हटलं. "चांगली खिडकीजवळची मिळाली."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मास्क परत नाकावर ओढला.